कोटातली देवळं आणि वाडीतली देवळं
(वसईच्या जुन्या धर्मग्रामांची हकीकत)



मोठ्या आवाजाच्या माणसाला आपल्याकडे 'नारोशंकराची घंटा' म्हणतात. ही घंटा खरोखरीची आहे. नाशिकला पंचवटीत, गोदावरीच्या काठी, नारोशंकराचं देऊळ आहे, तिथं ती टांगलेली आहे. सिंहस्थाला गेलेल्यांपैकी पुष्कळांनी ती पाहिली असेल. पण पाहिली तरी वाचली थोड्यांनी. घंटेवर इसवी सनाचा १७२१ हा आकडा आहे आणि तो फिरंगी अंकांत आहे. देऊळ बांधलं गेलं १७४७ साली. म्हणजे घंटा देवळापेक्षा वयानं वडील. वाईजवळ मेणवलीला नाना फडणविसांचा वाडा आहे. त्याच्या मागच्या घाटावर अशीच एक घंटा आहे. तिच्यावर १७०७ हे साल आहे आणि शेजारी मांडीवर मूल घेतलेल्या बाईची आकृती आहे. ती मेरीमाता, आणि मूल म्हणजे बालयेशू.

या घंटा वसईच्या मोहिमेनंतर देशावर आल्या. १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई घेतली ही गोष्ट आपल्या शाळेतल्या पोरालाही ठाऊक आहे. त्या लढाईची हकीकत सांगणारे माझ्याहून चांगले वक्ते आहेत, तेव्हा मी ती सांगत बसत नाही. मला आज वेगळ्याच गोष्टीकडे आपलं लक्ष वेधायचं आहे. या घंटा वसईला असताना त्या वाजल्या की काही माणसं घराबाहेर पडत, देवळाच्या वाटेला लागत. घंटा गेल्या, पण ती माणसं कुठं गेली? त्यांचं पुढं काय झालं?

थोडक्यात उत्तर असं की ती माणसं कुठंही गेली नाहीत. आजही तिथंच आहेत. पण हे कसं घडलं, ते समजून घ्यायचं तर दोनशे वर्षं मागं जायला हवं.

आधी एका शब्दाचा खुलासा करतो. कॅथलिक लोकांत 'धर्मग्राम' म्हणजे एका देवळाभोवती बांधलेली कुटुंबं, त्यांचा एक धर्मगुरू, आणि बारसं, लग्न, मरण यांच्या नोंदीची एक वही. गाव सरकारदरबारी कोणत्याही नावाचं असो, धर्मग्राम आपल्या संताच्या नावानं ओळखलं जातं. आणखी एक गंमत सांगतो. आपण ज्याला चर्च म्हणतो, त्याला वसईचा जुना ख्रिस्ती माणूस 'देऊळ' म्हणतो. 'चर्चला जातो' म्हणत नाही, 'देवळात जातो' म्हणतो. म्हणून मीही देऊळच म्हणणार आहे.

तर १५३४ च्या डिसेंबरात गुजरातच्या बहादूरशहानं वसई आणि तिच्या आसपासचा मुलूख पोर्तुगीजांना तह करून दिला. हुमायून मोगल त्याच्या पाठीवर होता, त्याला मदत हवी होती. त्यानं भूमी दिली. तिच्यावरच्या माणसांना कोणी विचारलं नाही, त्या काळी कोणी विचारीतही नसत. पाठोपाठ फ्रान्सिस्कन संघाचे साधू आले. त्यांतला अंतोनियू दो पोर्तू हा मोठा खटपट्या माणूस. वसई, आगाशी, साष्टी या सगळ्या पट्ट्यात त्यानं देवळं उभारली. बोरिवलीजवळच्या मंडपेश्वरच्या लेण्यातसुद्धा त्यानं ख्रिस्ती देऊळ थाटलं. मागाहून जेज्वीट आले, डॉमिनिकन आले, ऑगस्टिनियन आले. १५४६ साली खुद्द पोर्तुगालच्या राजाचा हुकूम आला की वसईत संत जोसेफच्या नावानं देऊळ बांधा आणि तिथं धर्मगुरू नेमा. हीच वसईची मातृ-देवळी, पोर्तुगीज भाषेत 'मात्रीझ'. राजाच्या फर्मानानं जन्मलेलं धर्मग्राम म्हणायचं ते हे.

इथं एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे, कारण शिक्षकबंधू हे भाषण ऐकत आहेत आणि मुलं प्रश्न विचारणारच. हा सगळा उद्योग गोडीगुलाबीनं झाला नाही. जुनी हिंदू देवळं पाडली गेली. वसईजवळचं निर्मळ हे जुनं तीर्थ. तिथला तलाव, तिथली शंकराचार्यांची समाधी, कार्तिकातली यात्रा, सगळं बंद पडलं. पोटासाठी, नोकरीसाठी, जमिनीसाठी, भीतीपोटी लोक ख्रिस्ती झाले. काही मनापासूनही झाले असतील. मन कुणी मोजलेलं नाही. सामवेदी ब्राह्मण झाले, वाडवळ झाले, कोळी झाले, कुणबी झाले. एकेका घराण्यातला एक भाऊ इकडे आणि एक तिकडे, असंही झालं. जे घडलं ते झाकून ठेवण्यात अर्थ नाही. पण तेवढंच सांगून थांबणं हेही अर्धं सांगणं होईल.

आता कोटाकडे वळू. वसईचा कोट दहा बुरुजांचा. आत संत जोसेफचं देऊळ, फ्रान्सिस्कनांचं, जेज्वीटांचं, डॉमिनिकनांचं, ऑगस्टिनियनांचं, एकापेक्षा एक उंच. मठ, शाळा, दवाखाना, कप्तानाचा वाडा. उत्तरेकडच्या सगळ्या पोर्तुगीज मुलखाची ही राजधानी. रेशीम ल्यालेले सरदार पालखीतून मिस्सेला यायचे. पण हा कोट कुणाचा? तटाच्या आत राहण्याचा मान उमराव पोर्तुगीजांचा. सुतार, लोहार, शेतकरी, कोळी यांनी काम करायला आत यावं आणि राहायला बाहेर जावं, अशी चाल. तेव्हा धर्मग्रामंही दोन तऱ्हेची झाली. एक कोटातली, धन्यांची. दुसरी बाहेरची, वाडीतली: सांडोर, पापडी, रमेदी, माणिकपूर, नंदाखाल, आगाशी, निर्मळ.

रमेदी हे नाव पाहा. पोर्तुगीज भाषेत 'रेमेदियुश' म्हणजे उपाय, औषध. उपायाची माता म्हणून मेरीचं ते नाव. वसईच्या जिभेवर त्याचं रमेदी झालं आणि ऐकणाऱ्याला वाटतं, हे जुनं मराठी गावच असावं. असे किती शब्द आपण रोज वापरतो! पाद्री, पाव, पगार, चावी, बटाटा, घमेलं. घमेल्यात माती भरून नेणाऱ्या गड्याला आपण पोर्तुगीज बोलतो आहोत याची वार्ताही नसते.

या बाहेरच्या जगातला एक मुलगा सांगतो. गोन्सालो गार्सिया. जन्म १५५७ च्या सुमारास, वसईलाच. बाप पोर्तुगीज शिपाई, आई इथली, वसईची. जेज्वीटांच्या शाळेत तो शिकला आणि पंधराएक वर्षांचा असताना त्यांच्याबरोबर जपानला गेला. जपानी भाषा त्यानं अशी आत्मसात केली की लोक चकित व्हावेत. जेज्वीट संघात साधू म्हणून घ्या, एवढी एकच त्याची मागणी होती. ती पुरी झाली नाही. आईकडून तो देशी होता, आणि देशी रक्ताच्या माणसाला त्या काळी संघाची दारं सहज उघडत नसत. तो व्यापारात पडला, चांगला जम बसवला. मग सगळं सोडून फिलिपिन्समध्ये मनिलाला फ्रान्सिस्कन बंधू झाला. १५९३ साली दुभाष्या म्हणून पुन्हा जपानात गेला. तिथल्या राज्यकर्त्याची मर्जी फिरली, आणि ५ फेब्रुवारी १५९७ या दिवशी नागासाकी इथं सव्वीस जणांना क्रुसावर चढवून भाल्यांनी मारलं, त्यांत गोन्सालो होता. १६२७ साली रोमनं त्याला 'धन्य' म्हटलं आणि १८६२ साली संतपद दिलं. ज्याला आपल्या गावच्या साधूंनी आत घेतलं नाही, तो भारतातला जन्मलेला पहिला कॅथलिक संत ठरला. दर वर्षी कोटातल्या जेज्वीट देवळाच्या पडक्या भिंतींत त्याचा सण होतो. छप्पर नाही, वर आभाळ आहे. तरी वाडीतली माणसं मिस्सेसाठी तिथं जमतात.

कोटाची भरभराट फार टिकली नाही. १६१८ च्या मे महिन्यात असं वादळ झालं की देवळांची छपरं उडाली. १६७४ साली मस्कतचे अरब उतरले आणि तटाबाहेरची देवळं लुटून गेले. कोटातले तटावरून पाहत राहिले. सोसलं ते बाहेरच्यांनी, हे इथं ध्यानात ठेवण्याजोगं. शतकाअखेरीला पटकी-प्लेगानं शहर ओस पडू लागलं होतं. आणि मग १७३९.

फेब्रुवारीपासून मेपर्यंत वेढा चालला. सुरुंग उडाले, दोन्ही बाजूंची हजारो माणसं पडली, शेवटी मे महिन्यात पोर्तुगीजांनी कोट खाली केला. तहाची कलमं मराठ्यांनी उदार मनानं दिली. शरण आलेल्यांना शस्त्रांसह आणि चीजवस्तूंसह जाऊ दिलं. आणि जे राहू इच्छितात त्यांनी आपला धर्म पाळावा, त्याला हरकत नाही, असंही मान्य केलं. दोनशे वर्षं आपली देवळं पडलेली पाहिल्यावर, त्या संतापाच्या घडीला, हे कलम मान्य करायला मोठं काळीज लागतं. मला तर तोफांपेक्षा हे कलम मोठं वाटतं.

उमराव गलबतांत बसले. मठांतले गोरे साधू बहुतेक गोव्याला गेले. पेट्या, चांदीची भांडी, झगे, सगळं बरोबर गेलं.

पण सांडोरच्या वाडवळानं काय करावं? त्याची केळीची बाग, त्याची पानवेल, त्याची विहीर कोणत्या गलबतात चढवायची? वसईच्या वाडीत 'बावखल' म्हणून गोड्या पाण्याचं खोदलेलं तळं असतं. ते बाजानं, सुनेनं, नातवानं, पिढ्यान्‌पिढ्या उपसून जपलेलं असतं. रहाटाला बैल जुंपला की पहाटे त्याचा कुरकुर आवाज सगळ्या आळीत ऐकू येई. ज्याची जीविका अशा पाण्याला बांधलेली, तो राज्य बदललं म्हणून हालत नाही. तो पेशव्यांचा सारा भरू लागला, जसा आधी पोर्तुगीजांचा भरत होता. माझ्या मतं वसईची धर्मग्रामं टिकली त्याचं पहिलं कारण हे पाणी आहे. धर्मश्रद्धा हे कारण आहेच, पण श्रद्धेलाही उभं राहायला जागा लागते.

दुसरं कारण म्हणजे देशी धर्मगुरू. गोऱ्यांच्या अमदानीत या बिचाऱ्यांना दुय्यम मान होता. गोवेकर, काही इथलेच, सावळ्या कातडीचे, मोठ्या मठांच्या पंगतीला न बसवलेले. गोरे गेले तेव्हा हेच मागं राहिले. गरीब धर्मगुरू, गरीब देऊळ, गरीब लोक, असा संसार सुरू झाला. १७६० च्या सुमारास आंकेतिल द्यू पेराँ नावाचा फ्रेंच पंडित साष्टी बेटातून गेला. त्यानं लिहून ठेवलं आहे की मराठ्यांच्या राज्यात ख्रिस्ती लोक मोकळेपणानं आपली उपासना करतात, देवळांत देशी धर्मगुरू आहेत, आणि ठाण्याला त्यानं एका सणाला हजारो ख्रिस्ती जमलेले पाहिले. राज्य जाऊन वीस वर्षं झाली होती! ज्या राजानं देवळं बांधायचा हुकूम दिला त्याचा शिपाईसुद्धा तिथं उरला नव्हता. मग ही हजारो माणसं कुणाच्या भीतीनं आली होती?

अर्थात सगळेच राहिले असं नाही. काही कुटुंबं शुद्ध होऊन पुन्हा हिंदू समाजात गेली. त्यांना परत घेताना जातीनं किती आढेवेढे घेतले हा एक स्वतंत्र विषय आहे, आणि तो फार अभिमानाचा नाही. निर्मळचं तीर्थ पुन्हा जागं झालं, कार्तिकाची यात्रा पुन्हा भरू लागली. ती आजही भरते, आणि तिथून हाकेच्या अंतरावर ख्रिस्ती देऊळही उभं आहे. यात्रेत खरेदी करणाऱ्यांना कुणी धर्म विचारीत नाही.

आणि कोटातली देवळं? ती मात्र कायमची संपली. त्यांचे धनीच गेले, मग दिवा कोण लावणार? छपरं कोसळली, पिंपळ-वडांनी भिंती धरल्या, चिरे लोकांनी नेले. तटाबाहेरची, कौलारू, ठेंगणी, ज्यांच्याकडे पाहून पालखीतल्या उमरावानं नाक मुरडलं असेल, ती देवळं मात्र राहिली. काहींची डागडुजी झाली, काही नव्यानं बांधली गेली, पण धर्मग्राम मोडलं नाही.

इंग्रज आल्यावर सुख लागलं असेल असं वाटतं. पण तिथंही कटकट होतीच. गोव्याच्या आर्चबिशपांचं ऐकायचं की रोमहून थेट नेमलेल्या बिशपांचं, असा तंटा सगळ्या एकोणिसाव्या शतकात चालला. त्याचा तपशील ऐकून आपण कंटाळाल. एवढंच सांगतो, १८८६ पासून वसई दमणच्या बिशपांकडे होती आणि १९२८ साली मुंबईच्या आर्चबिशपांकडे आली. १९९८ साली वसईला स्वतःचा धर्मप्रांत मिळाला आणि पापडीचं देऊळ त्याचं कॅथीड्रल झालं. कोटातली मात्रीझ नव्हे, बरं का, तटाबाहेरचं पापडी!

शिक्षकबंधूंना दोन शब्द सांगायचे आहेत. आपल्या वर्गात डिमेलो, परेरा, लोपीस, तुस्कानो अशा आडनावाचा मुलगा असला, तर इतिहासाच्या तासाला 'पोर्तुगीजांनी अत्याचार केले' हे वाक्य आलं की वर्गाचे डोळे त्याच्याकडे वळतात. मुलं निर्दय नसतात, पण त्यांना आडनावापलीकडचं ठाऊक नसतं. त्यांना सांगा की ही आडनावं बहुधा दीक्षेच्या वेळच्या पोर्तुगीज धर्मबापाची आहेत, रक्ताची नव्हेत. घरात हा मुलगा सामवेदी नाहीतर वाडवळी बोलतो, आणि ती मराठीचीच जुनी, रसाळ बोली आहे. त्याची आजी लाल लुगडं नेसलेली असेल. भाताची पहिली कणसं कापली की ती ऑक्टोबरात देवळात नेऊन देवापुढं ठेवतात, त्याला 'आगेरा' म्हणतात. आपण नवान्न म्हणतो, तेच हे. लग्नाआधी उंबराचं पाणी आणण्याची चाल या समाजात आहे. उंबर आणि पाणी हे पोर्तुगालहून आलेलं नाही. मिस्सा मात्र पुष्कळ वर्षं लॅटिनमध्येच चाले. १९६२ ते ६५ या काळात रोमला जी मोठी धर्मपरिषद भरली, तिच्यानंतर ती मराठीत होऊ लागली, आणि म्हाताऱ्या माणसांना वेदीवरून पहिल्यांदा घरची भाषा ऐकू आली. १९५५ साली निघालेलं 'सुवार्ता' मासिक याच मातीतलं. नंदाखालचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० साली उस्मानाबादच्या, म्हणजे आजच्या धाराशिवच्या, मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. २०२४ साली ते वारले. नंदाखाल हे वाडीतलंच एक धर्मग्राम.

सहलीसाठी मुलांना वसईला जरूर न्या. वसई रोड स्टेशनावर उतरून कोटापर्यंत गाडी मिळते. बहुतेक शाळा चिमाजी अप्पांच्या पुतळ्याला हार घालून, तटावर फिरून परत येतात. हार घालाच. पण मग आत, समुद्राच्या अंगाला, संत जोसेफच्या पडक्या देवळाकडे चला. त्याचा एकुलता एक उंच मनोरा दुरूनच दिसतो. १६०१ साली ही मात्रीझ दुरुस्त करून नव्यानं सजवली, त्या वेळी आर्चबिशप कोण होते आणि इथला धर्मगुरू कोण होता, असा मजकूर कोरलेली शिळा दाराच्या वर बसवली होती. मुलांना ते साल वहीत लिहून घ्यायला सांगा. कोटातच नागेश्वराचं देऊळ आहे, तिथं पूजा चालते, तेही दाखवा. मग परत येताना बस पापडीला थांबवा. रविवार असला तर देवळातून बाहेर पडणारी माणसं भेटतील. सायकलच्या हँडलला भाजीची पिशवी अडकवलेली असेल, कुणी केळीच्या भावाबद्दल बोलत असेल. त्यांना विचारा, या गावात आपण किती पिढ्या आहात? उत्तर द्यायला ते जरा घुटमळतील, कारण तेवढ्या पिढ्या त्यांनी मोजलेल्या नसतात.